कवळी

डॉक्टरीण म्हणाली, बाबा, मिटा तोंड. आता उघडा.
आता म्हणा फ, व, स.
फ आला, व आला,
स निसटला शीळ घालत.
सप्तकातला पहिलाच, आणि नेमका तोच.

परभणीहून सेलूपर्यंत पॅसेंजरमध्ये
खिडकीकडे तोंड करून मी सा म्हणत आलो.
पेडगाव गेलं, मानवत रोड गेलं,
समोरची बाई लेकराला घेऊन
जरा पलीकडं सरकून बसली.

पन्नास वर्षं क्लॅरिनेट.
लोक पिपाणी म्हणतात, म्हणोत.
खालच्या ओठाची घडी पत्तीखाली,
वरचे दोन दात तोंडीवर टेकलेले,
एवढ्यावर घर चाललं.
चांदपाशा म्हणायचा,
‘दो दांत नैं रे केरबा, दो एकर जमीन है ये.’
तो ढोलवाला. ढोलाला दात लागत नाहीत.
वाजवत राहिला शेवटपर्यंत
आणि एका संदलच्या रात्री दर्ग्याच्या पायरीवर
ढोल उशाला घेऊन झोपला, तो झोपलाच.
मी खांदा दिला, माती दिली.
पण खरं सांगू?
रडण्याआधी मला त्याचा हेवा वाटला होता.

या गावातल्या शंभर-दीडशे अल्बममध्ये मी आहे.
कडेला. अर्धा. एक गाल फुगलेला.
नवरदेवाच्या घोड्यामागं,
कुणाच्या तरी मामाच्या फेट्याआड.
कधी वाटतं, दारोदार जाऊन
ते सगळे अर्धे मागून आणावेत,
अंगणात चटईवर मांडावेत,
बघावं तरी, जोडून एक माणूस भरतो का.

देवाचं मला कधी नीट उमगलं नाही.
मारुतीच्या देवळापुढं वाजवलं, पाराशी उभं राहून.
उरुसात वाजवलं, कमानीबाहेर.
विहारात आत बोलावलं,
तिथं मात्र बँडची गरज नव्हती.
म्हणून माझी श्रद्धा पायरीवरच राहिली,
चपलांशेजारी.
जागा वाईट नाही ती.
चपला काढताना
भलेभले तिथंच पहिल्यांदा वाकतात.

मानवतला एका कापूसवाल्याच्या पोरीचं लग्न होतं.
चाळीस रुपयांसाठी त्यानं तासभर घासाघीस केली,
आम्हाला जेवायला बसवलं शेवटच्या पंगतीत,
बुंदी संपल्यावर.
पोर निघाली तेव्हा मी काय वाजवलं, आठवत नाही.
भूक लागली होती, एवढं आठवतं.
तो माणूस गर्दीतून सरळ माझ्याकडं आला.
वाटलं, आता हा आणखी काही कापणार.
त्यानं माझ्या लाल कोटाची कॉलर सरळ केली,
वरचं बटण लावलं
आणि तसाच गेला मोटारीमागं, अनवाणी.
पैसे चाळीस कमीच दिले.
पुढं कितीदा हिशेब केला मी त्या लग्नाचा.
दरवेळी काहीतरी माझ्याकडंच जास्त निघतं.

आता कोट मापाचा राहिला नाही.
मी आत कमी झालोय.
सकाळी दुधना नदीच्या पुलापर्यंत जातो,
तिथंच दम पुरतो, तिथूनच परत.
रात्री कवळी वाटीत, पाण्यात.
गयाबाई म्हणते, ‘तुमच्यापरीस वाटीच बरी हसती.’

काल पेटी उघडली.
तोंडीवर दोन बारक्या खाचा आहेत,
पन्नास वर्षांत दातांनीच पाडलेल्या.
दात गेले, त्यांची घरं राहिली.
नवे दात लावून बघितले. बसेनात.
ते सरळ आहेत, पांढरे आहेत,
आणि त्यांना काहीच ठाऊक नाही.

मग कवळी काढून ठेवली
आणि नुसत्या हिरड्यांनी धरलं.
फुंकलं.
आधी वारा. मग थुंकी.
मग करडू ओरडावं तसा
एक आवाज, भेदरलेला.
सा नव्हता तो. सा-च्या गल्लीतला कुणीतरी होता.

आतून गयाबाई ओरडली,
‘कोण आलंय वो दारात?’

कुणी नाही, म्हणालो.
आणि पत्ती ओठांत भिजवत बसलो,
पुन्हा एकदा फुंकण्याआधी.