कुलूप

आमच्या घरी दोन कॅलेंडरं.
एक शाळेचं : घटक चाचणी, सराव परीक्षा, सुट्ट्या लाल.
दुसरं खाडीचं, ते भिंतीवर नाही.
अष्टमीच्या आगेमागे भांग,
पाणी खडपावरून फारसं हलत नाही,
तेव्हा मी भूमिती करते.
पुनव आली, अवस आली, की पहाटे पाचला सुकती,
आणि मी, दहावी ब, हेमांगी कुबल,
बाबांचा जुना फुलशर्ट, पायात फाटके बूट,
दातांत बॅटरी धरून
गुडघाभर काळोखात उतरते.

कालवं सांगत नाहीत आपण कुठे आहोत.
दगड आणि ती एकाच रंगाची, एकाच हट्टाची.
कोयतीचं टोक नेमकं सांध्यात जावं लागतं,
जरा इकडे, तर शिंपीचा चुरा मांसात,
जरा तिकडे, तर बोट.
हे मला कुणी शिकवलं नाही.
शिकवलं असेल तर डाव्या अंगठ्यानं,
त्याच्यावर अजून तीन पांढऱ्या रेघा आहेत.

साडेसहाला पाणी परत फिरतं.
तोवर पेला भरला तर भरला.
पेल्याला दीडशे, हा भाव मी ठरवला,
पेडणेकरांच्या ‘न्याहारी व निवास’च्या मागच्या दाराशी.
वहिनी आधी शंभर म्हणाल्या,
मग म्हणाल्या, शाळकरी पोर तू, तुला कशाला एवढे?
मी म्हटलं, पेला शाळकरी नाही वहिनी,
बाजारात असतो तेवढाच आहे.
परत येताना पाय लटपटत होते,
ते त्यांना दिसलं नाही.

एकदा पाहुण्यांनी पाचशेची नोट दिली,
राहू दे म्हणाले, वह्या घे.
वह्या आहेत माझ्याकडे.
तिठ्यावरून धावत सुटे आणले,
साडेतीनशे त्यांच्या हातावर मोजले.
त्यांना बहुतेक राग आला.

होळीपर्यंत नऊशे जमले.
नऊशे म्हणजे सहा पेले,
सहा पेले म्हणजे किती कालवं, ते मोजू नये.
साहिल आंब्याच्या पेट्या ठोकतो, पेटीमागे चार रुपये,
एक नख कायम निळं. तो म्हणाला, हेडफोन घे.
रुक्साना मेंदीच्या कोनांवर आख्खी ईद काढते,
ती म्हणाली, बँकेत टाक.
मी मालवणच्या बाजारात गेले
आणि कुलूप घेतलं.
पितळी. एकशे ऐंशीचं.
माझ्या पत्र्याच्या पेटीला.

ज्या घरात न्हाणीच्या दाराला कडी म्हणून वाकवलेला खिळा,
तिथे कुलूप!
भाऊ म्हणाला, कोणापासून?
कोणापासून नाही.
फक्त ते लागताना टक् वाजतं,
आणि त्या आवाजाएवढी जागा
माझी असते.

आईनं काही विचारलं नाही.
आई बारा वर्षांची असल्यापासून मासे विकते.
हिशोब तिच्या डोक्यात,
पैसे तिच्या कनवटीला,
आणि कनवटीवर घरातल्या सगळ्यांचा हात.
वारा सुटला, तीन दिवस होड्या वाळूवरच होत्या,
तेव्हा ती पेटीशेजारी येऊन बसली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
“दोनशे दी गो. शनवारी देतंय.”
मी उघडलं.
गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
आई, दोनशे, उसने.
तिनं पेन मागितलं
आणि खाली सही केली,
प्रगतिपुस्तकावर करते तीच,
पहिल्या अक्षरावर थांबून,
मग उरलेलं एका दमात.

शनिवारी दिले. ओल्या नोटा, बांगड्याचा वास.
मोज म्हणाली. मोजल्या.
मग तिनं कुलूप तळहातावर घेतलं,
पापलेट तोलते तसं.
टक्. उघडलं. परत टक्.
“केवढ्याक?”
“एकशे ऐंशी.”
नळाला पाणी आलं होतं, ती उठली,
आणि दारातून, पाठमोरीच,
“फुडच्या उधाणाक माका पण एक हाड.
बारीक चलात.”

अवस मंगळवारी आहे.
बॅटरीचे सेल बदलायला हवेत.