निळा पोपट

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याच्या मागच्या शेडमध्ये
चाळीस ढाली भिंतीला टेकून उभ्या आहेत, कोऱ्या.
तीन पदरी प्लायवूड, कुन्हंबूने वाफ देऊन वाकवलेला,
मंगलोरी नाही, आपल्या जुन्या नळीच्या कौलासारखा.
रंगवायच्या मी.

ईदला मॉलमध्ये खेळ आहे, रोमन शिपायांचा.
मॅनेजर म्हणतो, लाल मार, वर सोनेरी वीज, दोन पंख, झालं.
सिनेमात असतं तसं.
पण नज्वाबाई फाइल घेऊन येतात.
सल्लागार. गाव देर एझ-झोरकडचं, फुरातच्या काठचं.
ब्रश उचलला की विचारतात :
पुरावा काय?

पुरावा म्हणजे एक ढाल.
एवढं मोठं राज्य, आणि या घडणीची जवळजवळ पुरी अशी एकच,
तीही त्यांच्या गावाकडची, पडक्या बुरुजात सापडलेली.
तेरा तुकडे. मधली लोखंडी वाटी गायब.
वर गरुड, खाली सिंह, पंखवाल्या दोन बायका, तांबूस.
एका ढालीवरून फौज?
म्हणजे माझ्या एका चपलेवरून अख्खं विटे गाव.

मग तो रोममधला खांब, लढाई अंगाभोवती गुंडाळलेला.
त्यावर ढालीच ढाली, विजा कोरलेल्या, वेलबुट्टी कोरलेली,
पण रंग नाही. होता की नव्हता, त्यावरही वाद.
आणि कोरणारा तरी कधी
छावणीत जाऊन आला होता?

मग एक हस्तलिखित. पलटणींची यादी,
प्रत्येक नावापाशी एक गोल ढाल, रंगीत, पानंच्या पानं.
मूळ हरवलं. मुळावरून केलेली प्रतही हरवली.
उरली ती प्रतीची प्रत.
नज्वाबाई ती पानं जरा लांब धरतात,
शेजारणीचं भांडं धरावं तशी.

इथे मी तोंड उघडलं.

बाई, फ्लेक्स यायच्या आधी मी विट्यात बोर्ड रंगवायचो.
पोळशेटचं तेलाचं दुकान, राघू छाप शेंगतेल.
दिवाळी तोंडावर, हिरवा संपलेला,
मी राघू निळा केला.
म्हणालो, सणानंतर हिरवा करून देतो.
सणानंतर कोण येतो?
शेटने कडेगावात दुसरं दुकान काढलं,
तिथल्या पेंटरने बघून निळाच काढला.
मग डब्यावर निळा, पिशवीवर निळा,
आणि पोरगा गिऱ्हाइकांना सांगायला लागला,
आमच्या पणजोबांच्या स्वप्नात आला होता निळा राघू.

तुमच्या त्या नकलाकाराचा हिरवा
संपला नसेल कशावरून?

बाई हसल्या. खुर्ची ओढून बसल्या.
म्हणाल्या, विद्वान लोक किती वर्षं यावरच भांडतायत,
फक्त पोपट कुणाकडे नव्हता.

मग मोबाइल पुढे केला.
वरून काढलेला फोटो, त्यांच्या गावाकडच्या त्या जागेचा.
जमिनीला देवीचे व्रण, खड्ड्याला खड्डा लागून.
चोर खणून गेले, त्या म्हणाल्या,
दुसरी ढाल असली तर
ती यांतल्या कुठल्या खड्ड्यात होती ते सांगा.

मी काय सांगणार?
माझा बोर्ड रस्ता रुंद झाला तेव्हा गेला.
आता आहे तो एका लग्नाच्या फोटोत,
नवरदेवाच्या कानामागे,
'छाप शें' एवढाच. पोपट मुंडावळ्यांआड.

एकोणचाळीस ढाली लाल झाल्या. मॅनेजर खूश.
चाळिसावी बाईंसाठी. लालात पांढरा, चिमूटभर गेरू,
त्या तेरा तुकड्यांच्या जवळ जाईल इतपत.
कुन्हंबू म्हणाला, ही कच्ची राहिली.
वाळल्यावर बाईंनी ती उलटी केली,
पेन्सिल माझ्या हातात दिली,
म्हणाल्या, लिही, तुझ्या भाषेत लिही.
मी मुठीच्या खाली लिहिलं :
पुढची बाजू अंदाजाने.
रंग दुकानात होता तो.

हिरवा मात्र उरलाय. अर्धा डबा.