अंगठ्याखाली

कोकेट नदीकाठच्या पबात
क्यूथबर्ट रॉडमचा ग्लास अर्धा असतानाच
बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो. दोनदा.
तो टोपी उचलतो. मागून कुणीतरी म्हणतं,
"बायकोच्या अंगठ्याखाली गेला बिचारा,"
आणि टेबल हसतं, दर शुक्रवारी, तेवढंच.

हे बोलणं म्हणे शिकारी पक्ष्यांवरून आलं.
एल्सीनंच सांगितलं मला, मेलेली पिल्लं सोलताना,
आणि वर म्हणाली, खरं-खोटं पुस्तकवाले बघून घेतील.
तू हे बघ :
डाव्या हातात जाड मोजा, मुठीवर बाज,
तिच्या पायांतल्या चामडी वाद्या
अंगठा नि तळव्याच्या चिमटीत.
दाबल्यास तर बसेल.
सोडल्यास तर गेली.

मला वाटलं, झालं शिकून.
मग तिनं तराजू दाखवला.
नऊशे चाळीस ग्रॅमला बाज शिट्टी ऐकते.
हजाराला ती एल्सीला ओळखतसुद्धा नाही,
लार्चच्या शेंड्यावर बसून पिसं विंचरते
आणि आपण खाली, ओल्या गवतात,
हात वर करून उभे, अंधार पडेपर्यंत.

यंदा एल्सीचा अंगठा सुजला,
आल्याच्या कुड्यासारखा.
वाकेना. बाजेची गाठ आता क्यूथबर्ट मारतो,
एल्सीच्या कोटाची बटणंही तोच लावतो,
जीभ दातांत धरून, हळूहळू.

तरी परवा माळावर गेलोच.
चेव्हियटवरून वारा असा, की मेंढ्यासुद्धा पाठमोऱ्या.
एल्सीच्या मुठीवर बाज,
वाद्या मोकळ्या लोंबताहेत
आणि तिचा अंगठा ताठ उभा,
साऱ्या माळाला ठेंगा दाखवल्यासारखा.
"उडेल!" मी ओरडलो.
"उडू दे की," ती म्हणाली.

नाही उडाली.
तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं :
बाजेलाही अंगठा असतो, मागच्या बाजूला,
काळ्या, बाकदार नखाचा.
तो मोज्यात रुतला होता,
बरोबर मनगटाच्या शिरेवर.
एल्सीचा चेहरा पांढरा पडला होता, पण हसत होती.
"आता सांग त्या पबातल्यांना," ती म्हणाली,
"की कोण कुणाच्या..."
पुढचं वाऱ्यात गेलं.

आज शुक्रवार. हॉर्न, दोनदा.
क्यूथबर्टला रातांधळेपणा आहे,
हे त्या टेबलाला कुणी सांगितलेलं नाही.
मी खिडकीतून बघतो :
तो दार उघडतो, आत बसण्याआधी वाकतो,
तिच्या मफलरची सुटलेली गाठ
पुन्हा मारतो.
इंजिन चालूच असतं.