कोमट

सकाळी सात. कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
गल्लीत दोन स्कूटी समोरासमोर आल्या
तर एकीला मागे जावं लागतं.
मी जाते. माझ्या पायांत बर्फाचा डबा असतो.

बाहेरून चढवलेला लोखंडी जिना, तिसरा मजला.
यशवंत धनावडे, वय त्रेचाळीस, उपाशीपोटी.
कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहतात,
रात्र तिथेच काढून आलेत;
कॉलरच्या घडीत कांद्याचं एक साल,
जांभळं, पापणीएवढं.

फॉर्म मोठ्याने वाचायचा असतो.
दारू? लग्नकार्यात, कधीमधी.
साखर, रक्तदाब, घरात कुणाला? नाही.
सिगारेट, बिडी, तंबाखू, गुटखा, मिश्री,
गेल्या बारा महिन्यांत, कोणत्याही स्वरूपात?
"नाही," म्हणाले,
आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीत गेला.
चुना नखाच्या कडेला बसतो.
आंघोळीने निघत नाही.

मी कंपनीची नाही, लॅबची.
मला विचारायचं नसतं, भरून घ्यायचं असतं.
निकोटिन अंगातून निघून जातं,
मागे कोटिनिन ठेवून जातं:
जेवून गेलेल्या पाहुण्याचं ताट.
ते आम्ही मोजतो.

रक्त दिलं त्यांनी आठी न घालता.
मग डबी घेऊन मोरीकडे गेले.
वेळ लागला. आत कुजबुज,
फ्रिजचं दार, एक भांडं पडलं.

डबी हातात आली
आणि हातमोज्यातूनही कळलं: गार.
माणसातून आलेलं इतकं गार नसतं.
मी ती टेबलावर ठेवली, लेबल न लावता.
पंखा तेवढा बोलत होता.

"पोराचं हाय," शेवटी सगुणाबाई म्हणाल्या.
"रातीच धरून ठिवलं. भेंडीच्या मागं."

पोरगा दारात. एकोणीसचा असेल,
गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र,
पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत.
"आई, माझं चाललं नसतं."
"म्हंजे?"
"त्यातपण तेच आलं असतं."

अशा वेळी मी पेन शोधते,
हातात असलं तरी.

यशवंतरावांनी मुलाकडे बघितलं नाही.
अंगठा मुठीतून बाहेर काढला,
उलटा केला, सुलटा केला.
"एजंट म्हनला, नाही लिवलं तर वर्साला अकरा हजार.
होय लिवलं तर अठरा."
वरचे सात म्हणजे किती गोणी,
ते पेरांवर मोजू लागले.
पेरं संपली. पुन्हा करंगळीपासून.
मध्येच थांबले.
"आन सोडली तर?"
"बारा महिने. मग परत तपासणी.
कमी होईल कदाचित. मी सांगू शकत नाही."
"बारा," म्हणाले,
नुकत्याच येऊन लागलेल्या
भरल्या ट्रककडे बघावं तसं.

सगुणाबाईंनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.
"होय लिवा.
मेल्यावर खोटं पडण्यापरास
जित्तेपणी म्हाग पडू द्या."

ते पुन्हा मोरीत गेले.
या वेळी लवकर आले.
मी डबी धरली, नको तितका वेळ धरली,
मग लेबल चिकटवलं.
चहा विचारला त्यांनी. मी नको म्हणाले.
त्यांना आता खायला हरकत नव्हती,
पण कुणी उठलं नाही.

खाली जिन्यापाशी पोरगा उभा.
"ताई, अंगातून किती दिवसांत जातं?"
"अंगातून थोड्या दिवसांत.
कागदावरून वर्ष लागतं."
तो हसला नाही.
त्याचा खिशातला हातही बाहेर आला नाही.

तुर्भ्याला सिग्नल लागला.
शेजारी कांद्याचा ट्रक, वरून सालं उडतायत,
एक माझ्या आरशावर येऊन बसलं.
पुढचं घर सानपाडा, साडेआठ, पुन्हा उपाशीपोटी.
पायांतला डबा मी गुडघ्यांनी नीट केला.
एव्हाना तीही गार पडली असेल.