बजावणी

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा फाटकावरच्या झेलेकेने
खुर्ची दिली बसायला. कागद घेतला नाही.
म्हणाला, अस्रत, रोज ये, चहा पी,
पण ह्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत
तुझं समन्स म्हणजे नुसता कागद.

सव्वीस वर्षं मी अदिस अबाबात बेलीफ आहे.
कर्नलच्या हातात समन्स ठेवलंय,
मेलेल्याच्या दारावर डकवलंय,
एका नवरदेवावर तर मांडवातच बजावलंय.
कुत्री अंगावर आली, उकळतं पाणी आलं,
पण असं घर पाहिलं नव्हतं :
फाटक आहे, घंटा आहे, झेंडा आहे,
कायद्याला दार नाही.

दावा साधा. यशिमबेत, राहणार शिरो मेडा,
धंदा निलगिरीची लाकडं विकणे.
तिचं खेचर, तपकिरी, वय सहा, एक नग,
एन्तोतोच्या उतारावर
संस्थेच्या गाडीखाली आलं.

उत्तर आलं जाड कागदावर.
अमुक करार, तमुक कलम,
संस्था, तिची वास्तू, तिची दप्तरं, तिची वाहनं
आपल्या न्यायासनाच्या कक्षेबाहेर आहेत.
खाली : आमच्या सदिच्छा स्वीकाराव्यात.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
कलम बरोबर आहे, म्हणाल्या.
उद्या कुठल्या सरकारने ह्यांच्या डॉक्टरला
खोट्या खटल्यात गोवलं तर? म्हणून ही भिंत.
मग जरा थांबून,
भिंतीला कुठे कळतं, आपण कोणाला अडवतोय.

मला पटलं.
यशिमबेतला सांगताना मात्र शब्द सापडेना.
विशेषाधिकार, म्हणालो.
म्हणजे राजा?
नाही, राजे गेले. म्हणजे... पाहुणा.
पाहुणा, ती म्हणाली. बरं.
पाहुण्याचं ताट आपणच उचलायचं.
पण त्याच्या हातून ताट फुटलं
तर एवढं तरी म्हणतो ना तो,
फुटलं.

रविवारी निकालाची नक्कल द्यायला गेलो
तर वाट चढून गिर्माचौ येत होता,
गाडीचा ड्रायव्हर. इथलाच, गुलेलेचा.
सूट त्यालाही आहे, कामावर असेल तेवढीच.
आज तो कामावर नव्हता.
खांद्यावर तेफचं पोतं.
ती ये म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही.
तो उंबऱ्याबाहेर उभा,
पोतं तसंच खांद्यावर,
आणि विचारतो, नाव काय होतं त्याचं?

एकशे चौदा पानांच्या फायलीत
हे कुणी विचारलेलं नाही.
मीही नाही.

दामा, ती म्हणाली. तिच्या आईने ठेवलं होतं.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पोतं उतरवायला मी हात लावला. चांगलंच जड होतं.

उद्या फाइल दप्तरखान्यात जाईल.
शेवटच्या पानावर छापील ओळ आहे :
बजावणी झाली / झाली नाही,
लागू नसेल ते खोडावे.
पेन उघडून बसलोय केव्हाचा.