कल्हई

सोन्याहून पिवळं, असं लोक म्हणतात
तेव्हा त्यांचं काहीतरी चांगलं झालेलं असतं.
माझ्या खुर्चीत सोन्याहून पिवळं म्हणजे
आजचं जेवण गेलं.

सायुरी दहाला आली, वाघोलीहून, स्कूटीवर.
स्कार्फ सोडेना.
"हसू नका," म्हणाली, मग सोडला.
घरीच केलं होतं, मोबाइल बेसिनवर टेकवून:
मुळाशी कोवळा मका, मध्ये हळद,
टोकं वाळ्याच्या पडद्यासारखी, खरखरीत.

"मला राख हवी. थंड राख."
कुठली, मी विचारलं. चुलीतली की उदबत्तीची?
तिने फोटो दाखवला.
बर्फातली कुणी मुलगी, फोटोभर कुठेच ऊन नाही.
खाली कर्वेनगर, एप्रिल,
ड्रायक्लीनरच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येतेय.

पिवळ्यावर जांभळा, नारिंगीवर निळा,
एवढं पाठ करून कुणीही क्लासमधून बाहेर पडतं.
पण पिवळं एक नसतं.
मुळं डोक्याच्या उबेनं पुढे पळतात,
टोकं तहानलेली, द्याल ते घटाघट पितात,
आणि मधल्या वीतभर केसांना
कशाचं काही नाही.

मानेमागची एक बट घेतली, आधी तिच्यावर लावून पाहिलं.
बारा मिनिटं.
हिरवी.
फिकट, पण हिरवीच.
"कळकलं," माझ्या तोंडून गेलं.
तिला शब्द कळला नाही.
तिच्या घरी ताक खोक्यातून येतं.

आमच्याकडे, तांबट आळीत, हा रोजचा शब्द.
कल्हई उडालेल्या पातेल्यात कुणी ताक विसरलं,
आंबटाला पितळ भेटलं, की झालं.
मग दादा ते पातेलं भट्टीवर धरायचे.
चिमूटभर नवसागर, पांढरा धूर, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.
कथलाची कांडी टेकवली न टेकवली
की कापसाचा बोळा एकदाच गरकन फिरायचा
आणि पिवळं कुठे गेलं ते आम्हा पोरांना
कधी पकडता आलं नाही.

माझ्या वाडग्यातून तोच वास येतो.
बाटलीवर नाव इटलीचं आहे.
नाकाला वाचता येत नाही.

हिरव्याला लालाचा थेंब. एकच,
आमटीला गुळाचा खडा तसा.
टोकांना मलम फासून आधी गप्प केलं,
मधल्यांना पहिला मान दिला,
मुळं शेवटी, तीही पंखा लावून.
आणि धुताना नळ नाही.
आमच्या इमारतीत बोअरचं पाणी, बादलीला तांबूस कडा धरतं;
वीस लिटरचा जार आणलेला होता,
तो तांब्यातांब्याने रिकामा केला.

पावणेपाचला आरशात राख दिसली.
एका कानामागे थोडी अजून हळद होती.
मी बोलले नाही, केस त्या बाजूला वळवले.

"तीन आठवडे," मी म्हटलं. "मग पितळ उघडं पडेल."
ती हसली.
मी म्हण म्हणून बोलले नव्हते.

"कायमचं नाही का होत?"
हे दादांनाही विचारायच्या बायका,
पातेलं उन्हात धरून, आत स्वतःचं तोंड बघत:
यंदाची टिकेल ना हो?
"वापरलंत तर नाही टिकणार," दादा म्हणायचे,
आणि पुढचं भांडं ओढायचे.

मी एवढं धड बोलू शकले नाही.
जांभळ्या शांपूची बाटली दिली, आठवड्यातून एकदा म्हटलं,
पोहायचं नाही म्हटलं, ऊन टाळ म्हटलं,
साडेचार हजार घेतले.

खिडकीतून पाहिलं.
स्कूटीपाशी तिने स्कार्फ काढला,
कपाळावरून, कानांवरून, मानेमागून घट्ट,
फक्त डोळे उरले, वर हेल्मेट.
सबंध दिवसाची राख आत गेली.
कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला तशाच बारा जणी उभ्या असतील,
कुणाच्या आत काय आहे
सिग्नल सुटेपर्यंत तरी कळायचं नाही.