छाट

मला नव्वद दिवस आत ठेवलं होतं.
खिडकीला जाळी, पहाटे प्रार्थना, मुगाची खिचडी.
हात थरथरायचे थांबले, वजन सात किलो वाढलं,
प्रमाणपत्रावर नाव छापून मिळालं : यादगिरी,
वेलांटी चुकलेली.
मी बदलून आलो.
कोपरा बदलला नव्हता.

विडी घरकुलात आमच्या गल्लीच्या तोंडाला
बंद पडलेली पिठाची गिरणी.
तिच्या पायरीवर तो बसायचा, खिशात गोळ्यांच्या पट्ट्या.
मला बघून काही बोलला नाही,
थोडा सरकला, जागा केली.
अकराव्या दिवशी मी बसलो.

पुढचं सलग आठवत नाही.
लच्छय्याच्या मागाची मोटार आठवते,
अंधारात उघडून तांब्याची तार ओढताना
नखांत गेलेलं ग्रीस.
चार महिने त्याचा माग उभा होता.
आणि मल्लेश.
अक्कलकोट नाक्यापलीकडं सापडला,
चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या,
कुणाच्या तरी घरात शिरल्यासारख्या.

मल्लेशच्या दहाव्यानंतर त्याच्या आईनं, राजमणी अक्कानं,
घरात बसून विड्या वळणं सोडलं.
सूप उचललं, ओल्या फडक्यातली पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ,
आणि गिरणीच्या पायरीवर जाऊन बसली.
दुसऱ्या दिवशी अंबव्वा. मग चौघी.
फलक नाही, भाषण नाही.
तो आला, उभा राहिला, मोबाईल बघत बसल्यागत केलं.
अक्का म्हणाली, "बस की. पानं काप."
दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही.
आता एमआयडीसीकडं बसतो म्हणे.
सोलापुरातल्या गोळ्या संपल्या नाहीत,
एक पायरी तेवढी संपली.

मंगळवारी नदाफ बाई येतात, स्कूटीवर, वही घेऊन.
झोप लागते का, घाम येतो का, कुणाशी भांडलास.
एकदा म्हणाल्या, "अक्का, ह्या तंबाखूचं काय?"
अक्का हसली, आणि ते हसू
खोकल्यात जाऊन बराच वेळ परत आलं नाही.

रात्री दोनला मला तल्लफ येते.
चार दिवसाआड पाणीही रात्री दोनलाच येतं.
बायकांनी दोन्हीचा हिशेब एकत्र मांडला :
नळ सोडायचे, पाइप जोडायचे,
म्हाताऱ्यांच्या टाक्या भरायच्या, ते काम यादगिरीचं.
मधल्या तीन रात्रींचं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.
त्या रात्री अंबव्वाचा नवरा माझ्या दाराशी खाट टाकायचा
आणि इतका घोरायचा की
पळून जायचा विचारही नीट करता येत नसे.

अक्का माझे दिवस विड्यांसारखे मोजायची,
पंचवीसचा एक कट्टा.
दोन कट्टे झाले. वर अकरा.
बासष्टाव्या दिवशी मी एमआयडीसीकडं गेलो.

दोन दिवस पायरीकडं फिरकलो नाही.
तिसऱ्या दिवशी अक्का दारात. आधी विचारलं,
"तिन्नावा?"
जेवलो नव्हतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी पुढं सरकवली.
मग पदरातून विड्या ओतल्या फरशीवर,
कारखान्यातल्या चेकरनं बाजूला काढलेल्या. छाट.
एकेक उसवू लागली.
"पान गेलं," म्हणाली, "तंबाखू परत सुपात."
आणि बोट वर केलं : एक.
मी रडलो नाही. चटणी तिखट होती.

लच्छय्या अजून माझ्याशी बोलत नाही.
मोटार भरून घ्यायचे पैसे मी दर पगाराला
त्याच्या उंबऱ्यावर ठेवतो,
तो मी वळल्यावर उचलतो.

काल रात्री पाणी आलं.
त्याच्या टाकीपाशी मी वाकलेलो,
तो बॅटरी घेऊन उभा,
उजेड माझ्या हातांवर, पाइपावर नाही.
टाकी अर्धी झाली.
काय वाटलं त्याला कोण जाणे,
बॅटरी विझवली, आत गेला, दार ओढून घेतलं.

अंधारात पाण्याची मोटार चालू होती,
आत सगळी तार शाबूत.
आणि शेजारी मी.